पुसता येणारं जेल पेन: अकोल्यात एक वर्ष वापरून

अकोल्यात राहत असाल आणि मे महिना असेल, तर हे पेन घेऊ नका. इतर कुठे, इतर कधी असाल तर घ्या, पण आधी हे वाचा.

गेल्या जुलैत, कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात, टिळक रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात लाल बॉलपेनांचा डबा घ्यायला गेले होते. दरवर्षी घेते. मालकांनी काउंटरवर कागदाच्या कपट्यावर लाल रेघ ओढली, पेन उलटं केलं, मागच्या गुळगुळीत टोकाने चार वेळा घासलं आणि रेघ गेली. चुरा नाही, डाग नाही, कागदही खरवडला नाही. "चुकलं तरी टेन्शन नाही, मॅडम." मी तंत्रनिकेतनात २६ वर्षं 'सी' ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवते. चुका पोरं करतात आणि मी समासात शेरे मारते, असा आमचा व्यवहार. तरी तीन पेनं घेतली: लाल, निळं, काळं. एकेक दीडशेच्या आसपास पडलं. त्या पैशात लाल बॉलपेनांचे किती डबे आले असते याचा हिशेब घरी आल्यावर केला.

पेनाची परीक्षा कशावर झाली ते सांगते. वर्षभर प्रॅक्टिकलच्या फायली, त्यात प्रोग्रॅमचे प्रिंटआउट, आणि फेब्रुवारीपासून प्रोजेक्ट रिपोर्टचे कच्चे मसुदे. मी कोड कागदावरच वाचते. स्टाफरूममधली तरुण मंडळी हसतात. हसू देत. स्क्रीनवर एका वेळी चाळीस ओळी दिसतात. जेवणाच्या टेबलावर मी सहा पानं शेजारी शेजारी मांडू शकते आणि पहिल्या पानावरच्या व्हेरिएबलपासून, म्हणजे किंमत साठवायला दिलेल्या नावापासून, पाचव्या पानापर्यंत पेनाने बाण ओढू शकते. तो बाण ओढताना मला प्रोग्रॅम कळतो.

शेरे मारणाऱ्या माणसाची अडचण अशी की शेरा वाचता वाचता लिहिला जातो आणि कोड काही वाचायच्या क्रमाने लिहिलेला नसतो. पहिल्या पानावर मी ठसक्यात लिहिते, "हे व्हेरिएबल कशाला? कुठेच वापरलेलं नाही." तिसऱ्या पानावर ते वापरलेलं सापडतं. मग बॉलपेनाने लिहिलेलं खोडायचं, आणि खोडलेल्या शेऱ्याखालचं पोरांना सगळं दिसतं. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते: मॅडमचं चुकलं.

जुन्या पोथ्या उतरवून काढणाऱ्यांचीही हीच गत होती. चुकलं की त्या अक्षरांवर ते हरताळाचा पिवळा लेप देत. सुटलेला शब्द समासात लिहीत आणि ओळीत त्या जागी काकपद, म्हणजे 'इथे सुटलं' अशी खूण, काढत. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, चांगलं विषारी. 'नियमांना हरताळ फासला' असं आपण अजून म्हणतो, पण हरताळ हातात घेऊन बसलेला माणूस कुणी पाहिला नसेल. माझ्या पिढीचा हरताळ म्हणजे पांढऱ्या शाईची बाटली. लावायची, फुंकर मारायची, सुकायच्या आत वर लिहायचं आणि सगळा लगदा करायचा. हे पेन त्या बाटलीपेक्षा शंभर पटीने बरं, हे आधीच कबूल करते.

पेनाच्या मागच्या टोकाला रबर म्हणू नका, ते झिजतच नाही. माझ्याकडचं वर्षभरानंतरही जसंच्या तसं आहे. ते कागदावरून शाई उचलत नाही, फक्त घर्षणाने उष्णता निर्माण करतं. शाईत सूक्ष्म गोळ्या असतात आणि प्रत्येक गोळीत तीन पदार्थ: एक रंगाचा, एक त्या रंगाला दिसायला लावणारा आणि तिसरा तापमानाप्रमाणे त्या दोघांना एकत्र ठेवणारा किंवा वेगळं करणारा. साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर गेलं की पहिल्या दोघांची फारकत होते आणि रंग दिसेनासा होतो. शाई कागदावरच राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिहायला कसं आहे? ठीक. काळं पेन काळं नाही, पाटीवरच्या पेन्सिलीसारखं राखाडी उमटतं. लाल मात्र छान, शेऱ्याला शोभेल असं. लेझर प्रिंटच्या टोनरवरून जाताना पेन्सिल घसरते तसं हे घसरत नाही. शाई फार लवकर संपते. बॉलपेन सहामाही काढायचं, ह्याची रिफिल मला सहा आठवडे पुरली, आणि रिफिल आमच्याकडे कधी मिळते, कधी नाही. पातळ कागदावर दोन्ही बाजूंना लिहिलं असेल तर जपून, कारण या बाजूला घासलं की उष्णता पलीकडे जाते आणि तिकडचाही अर्धा शेरा जातो. झेरॉक्स फिकट येते.

आता समासात लिहायचं काय, हा खरा विषय. माझा सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शेरा एका शब्दाचा आहे: "का?" पोरांना कमेंट, म्हणजे कोडमध्ये वाचणाऱ्या माणसासाठीच्या टिपा, लिहायला सांगितल्या की ती लिहितात, "आय प्लस प्लस, // इथे आय एकने वाढवला." दारावर 'दार' लिहिल्यासारखं. आय एकने वाढला हे मला दिसतंय बाबा, तो का वाढवलास ते सांग. शून्यापासून मोजायचं सोडून एकपासून का मोजलंस? परीक्षेत गुण मिळतात म्हणून ओळीगणिक कमेंट घालायची सवय आम्हीच लावली आहे, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची!

पण कधीतरी असा एखादा निघतो. हॉस्टेलमधल्या एका मुलाने मेसच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात एका ओळीवर कमेंट होती: "महिना ३० दिवसांचाच धरला आहे, कारण काकू ३१ तारखेचे पैसे घेत नाहीत." मी त्या ओळीखाली तीन रेघा मारल्या. ही गोष्ट कोड कितीही वाचला असता तरी मला कळली नसती, उलट मी "३१ दिवसांच्या महिन्याचं काय?" असा शेरा मारून मोकळी झाले असते. पुढच्या वर्षी काकू बदलल्या आणि नवीन मेसवाले ३१ तारखेचेही पैसे घ्यायला लागले, तर नेमकी कुठली ओळ बदलायची तेही त्या कमेंटमध्येच आहे.

उलट प्रकार शिळ्या कमेंटचा. अ‍ॅरे (नावांची यादी) ६० मुलांचा आणि वर कमेंट "४० विद्यार्थ्यांची नावे". आमची गेल्या वर्षीची तुकडी चाळीसची होती. म्हणजे प्रोग्रॅम सीनियरकडून आलेला, आकडा बदलला, पण कमेंट कुणी वाचलीच नाही. चोरी पकडायला मला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. कोड चालतो की नाही हे मशीन सांगतं, म्हणून पोरं कोड दुरुस्त करतात. कमेंट चुकली तर कोणीच ओरडत नाही, म्हणून ती तशीच पडून राहते.

मशीनच्या लेखी तिची किंमत किती, तेही सांगते. 'सी'च्या प्रमाण ग्रंथात असं ठरवून दिलं आहे की मशीनच्या भाषेत भाषांतर करताना सुरुवातीच्या टप्प्यातच प्रत्येक कमेंटच्या जागी एक, फक्त एक, मोकळी जागा ठेवायची. तुम्ही दोन पानं लिहा की दोन अक्षरं, कंपायलरला, म्हणजे हे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, एक स्पेस दिसते. हे ऐकून मुलं खूश होतात, म्हणजे नाही लिहिलं तरी चालेल! कंपायलरला चालेल, मला नाही. शिवाय /* ने उघडलेली कमेंट पहिल्या */ ला बंद होते, आत दुसरी असली तरी. चालत नसलेला भाग घाईत झाकायला पोरं अख्ख्या फंक्शनभोवती कमेंट घालतात, आत आधीचीच एक असते, ती संपली की उरलेला सगळा कोड उघडा पडतो आणि चूक नसलेल्या जागी वीस चुका दिसतात. लॅबमधला माझा निम्मा वेळ त्यात जातो. दोन तिरप्या रेघांची कमेंट 'सी'त अधिकृतपणे १९९९ च्या प्रमाणात आली. आमच्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी++ या जुन्या कंपायलरमध्ये ती त्याआधीपासून चालायची, त्यामुळे आमच्या मुलांना हा इतिहास कधी जाणवलाच नाही.

'टीका' या शब्दाचं आपण फार वाईट करून ठेवलं आहे. आता टीका म्हणजे झोडपणं. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर केली ती टीका होती. तिच्यात झोडपणं नाही, उलगडून दाखवणं आहे. कोडवर असं काम झालेलं आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीच्या सुमारे ९,००० ओळी आणि त्यांच्यावरची टीका आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापली. पुढे परवान्याच्या अटींमुळे ती वर्गात शिकवता येईना, तेव्हा जगभरातल्या पोरांनी झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून ती वाचली. रीतसर पुस्तक निघायला १९९६ उजाडलं. मला त्या वीस वर्षांतल्या झेरॉक्सवाल्यांचं कौतुक वाटतं. आणि हो, त्या टीकेचे शेरे माझ्या या पेनाने लिहिले असते, तर पहिल्याच झेरॉक्सला फिके पडले असते.

हे पेन म्हणजे काय चीज आहे ते मला डिसेंबरातच कळायला हवं होतं. वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर प्रिंट काढायची आमची पद्धत आहे. एका पानावर परीक्षेची सगळी बैठकव्यवस्था मी हाताने लिहिली होती, ते पान चुकून त्या गठ्ठ्यात गेलं. प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा एका बाजूला सूचना छापलेली आणि दुसरी बाजू कोरी. मी आमच्या शिपाई मामांवर चिडले, की माझं पान कुठे टाकलंत? लेझर प्रिंटर टोनर कागदावर चिकटवायला रोलर दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवतो. माझी बैठकव्यवस्था त्या रोलरखालून गेली होती. मामांची नंतर माफी मागितली, पण तेव्हा नाही. मे महिन्यात मागितली.

मे महिन्यात मी परीक्षक म्हणून अमरावतीला गेले. दुपारच्या सुट्टीत वाचून होतील म्हणून माझ्या मुलांचे पाच प्रोजेक्ट रिपोर्ट बरोबर घेतले. चार महिन्यांचे शेरे त्यात. सुट्टी काही मिळाली नाही. रिपोर्ट गाडीतच राहिले, मागच्या काचेखालच्या फळीवर. गाडी साडेदहापासून चार वाजेपर्यंत उन्हात. बाहेर ४५ होतं. अशा दिवशी बंद गाडीतल्या काचेखालच्या वस्तू ७० च्या पुढे सहज जातात, हे मी फिजिक्सवाल्या सहकाऱ्यांना आता विचारून घेतलं आहे. परत येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तेव्हा सहज वरचा रिपोर्ट उघडला. आधी वाटलं, दुसऱ्याच प्रती उचलून आणल्या. सगळी पानं स्वच्छ. मग पान तिरपं धरून पाहिलं, तर टोकाने कागदावर पडलेल्या खाचा दिसल्या, माझ्याच अक्षराच्या. एका पानावर पेन्सिलीने लिहिलेला एक शेरा मात्र शाबूत होता: "का?"

घरी येऊन मी पेनाबरोबरचा कागद शोधला. तो वर्षभर ड्रॉवरमध्ये होता. त्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं आहे: प्रमाणपत्रं, चेक, कायदेशीर कागद यांवर वापरू नका, उन्हात ठेवू नका. दुसऱ्यांच्या कोडखालच्या तळटिपा वाचून घ्यायचा पगार घेणाऱ्या बाईने स्वतःच्या पेनाची तळटीप वाचली नव्हती. म्हणून या मजकुराबद्दल मी पेनाचे गुण कापत नाही. अक्षराच्या आकाराबद्दल कापते.

त्याच कागदावर असंही होतं की फार थंड केलं तर रंग परत येऊ शकतो, शून्याखाली दहा-वीस अंशांच्या आसपास. आपला घरचा फ्रीझर उणे १८ च्या जवळ जातो. पाचही रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातले, तोंड बांधलं आणि मटारच्या पुड्यावर रचून ठेवले. रात्री सासूबाई बर्फ काढायला गेल्या. "काय वं, ह्या वह्या काऊन टाकल्या फ्रीजात? मुरवा लागते काय?"

"आई, शाई गेली, ती परत आणायची आहे."

"आमच्या वेळी शाई जात नव्हती बाप्पा," म्हणाल्या आणि बर्फाचा ट्रे घेऊन गेल्या. खरंच आहे. त्यांच्या वेळची दौतीतली शाई कपड्यांवरूनसुद्धा जात नव्हती.

सकाळी पिशवी उघडली. शेरे आले होते, लाल भडक नाही, जरा पिकलेले, पण वाचता येतील असे. मी अक्षरशः टाळी वाजवली. मग नीट पाहिलं.

शाई कागदावरच राहते, असं वर सांगितलं ना? मी पुसलेलं काहीही कधी गेलंच नव्हतं. फ्रीझरने उन्हात गेलेले शेरे परत आणले, तसेच चार महिन्यांत मी स्वतः घासून घालवलेलेही आणले, आणि दोन्ही एकमेकांवर. "छान प्रयत्न"च्या खाली "हे काय?". "पुन्हा विचार कर"च्या खाली "मूर्खपणा". एका ठिकाणी तीन थर: "चूक", त्यावर "बरोबर", त्यावर परत "चूक". प्रोग्रॅमर लोक गिट नावाची व्यवस्था वापरतात, तिच्यात खोडलेली प्रत्येक ओळ मागे राहते आणि कुठली ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे. वर्गात मी हे दरवर्षी हसत शिकवते. माझ्या पाच रिपोर्टांवर आज्ञा द्यायचीही गरज नव्हती. सगळं एकाच अक्षरात होतं.

बरं, पुन्हा पुसायचं म्हटलं तर दोन्ही थर एकदम जातात. कुठला ठेवायचा ते पेनाला सांगता येत नाही. शनिवार-रविवार बसून चार रिपोर्टांवरचे शेरे बॉलपेनाने नव्याने लिहिले. लिहिताना निम्म्या ठिकाणी वाटलं, खालचा थरच खरा होता, फक्त भाषा सुधारायला हवी होती. एका ठिकाणी तर "मूर्खपणा" पुसून मी जे गोड लिहिलं होतं, त्यातून मुलाला काय चुकलं ते कळलंच नसतं. तिथे आता चार ओळींचा शेरा आहे. पेन्सिल, चिकट चिठ्ठ्या, पीडीएफवरच्या टिपा, हे सगळंही करून पाहिलं आहे. चिठ्ठ्या जुन्या पुस्तकांवर गोंद सोडतात आणि नवीन कागदावरून पंख्याने उडतात. पीडीएफवर लिहिलेलं माझ्या फोनवर दिसतं, मुलाच्या फोनवर दुसरं अ‍ॅप असेल तर कोरी फाइल उघडते. पेन्सिलीला मी पूर्वी कमी लेखायचे. आता गाडीत नेहमी एक असते.

पाचपैकी तीन तारे. दोन कापले त्यातला एक रिफिलसाठी आणि त्या बारीक अक्षरासाठी, एक आमच्या उन्हासाठी. स्वतःच्या पुस्तकात, घरात, सावलीत लिहायचं असेल तर याच्यासारखं पेन नाही. पहिला विचार लिहायचा, दुसरा आला की पहिला घासून टाकायचा, याची एक चटक लागते. दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या कागदावर मात्र मी आता ते वापरत नाही.

पाचवा रिपोर्ट राहिला. बाळापूरहून येणाऱ्या एका मुलीचा, ग्रंथालयाच्या दंडाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम. सोमवारी मी स्टाफरूममध्ये पोचायच्या आधीच ती दारात उभी होती. रिपोर्ट टेबलावर होता. नको म्हणेपर्यंत तिने उचलला, उघडला. बाराव्या पानावर एका भल्यामोठ्या, पुस्तकी कमेंटशेजारी मी फेब्रुवारीत लिहिलं होतं, "ही कमेंट तुझी नाही. कुठून उचललीस?" लगेच घासून त्यावर लिहिलं होतं, "ही तुझ्या शब्दांत लिहून आण." आता दोन्ही होते. तिने पान खिडकीकडे तिरपं धरलं, बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, इथं दोन शेरे हायेत."

"वरचा वाच."

"वाचला." मग पान खाली ठेवलं. "खालचा बराबर आहे, मॅडम."

मी काही बोलले नाही. तीही नाही. तिने सॅकमधून वही काढली, बाराव्या पानाचा आकडा तिच्यात लिहून घेतला, रिपोर्ट काखेत मारला आणि दारापर्यंत जाऊन परत वळली.

"हे पेन कुठं भेटते, मॅडम?"